वच्छलाआत्याचं मावंदं

काशी-रामेश्वर करून कुणी परतलं की आमच्याकडे मावंदं घालतात. भावकी जेवायला बोलावायची, पुरणपोळ्या वाढायच्या आणि यात्रा केलेल्या माणसाच्या पाया पडायचं. माझ्या आत्याच्या यजमानांची, तात्यासाहेबांची, चितेगावात अशी पाच मावंदी झाली. पाचही वेळा पुरण वाटलं ते वच्छलाआत्यानं. तिला मात्र पैठणच्या पलीकडे कुणी नेलं नाही. रामेश्वराहून आलेल्या नवऱ्याला तिनं एकदा विचारलं होतं, समुद्र कसा असतो हो? पानाला चुना लावत ते म्हणाले, "जायकवाडीवानी. पाणीच की!" हे आठवलं की माझं आजही डोकं फिरतं.

तात्यासाहेब गेल्यावर आत्या शहरात मुलाकडं, इंद्रजीतकडं राहायला आली. आमच्या महिला मंडळाची विशाखापट्टणमची सहल निघाली, तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी तिनं परस्पर नाव देऊन टाकलं. इंद्रजीत म्हणाला, "आई, देवाला जायचं तर मी काशीला पाठवतो ना."

"देवाला नाय जायचं मला. समुंदर बघायचाय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की. त्यांचं तोंड हाय."

शेवटी 'तनुजा, तू हिच्याकडे बघ' असं सांगून त्यानं तिला माझ्या गळ्यात मारलं.

दोन गाड्या बदलून आम्ही पोचलो. आमच्या म्होरक्या करुणाताई फार कडक. त्यांनी कार्यक्रम वाचून दाखवला: सकाळी डोंगरावरच्या नरसिंहाचं दर्शन, दुपारी किनाऱ्यावरचं पाणबुडीचं संग्रहालय, संध्याकाळी अर्धा तास समुद्र. आत्या बसमध्ये चढलीच नाही. "अर्ध्या तासासाठी इतक्या लांब आले व्हय मी?" म्हणाली आणि सरळ किनाऱ्याकडे चालू लागली. मला राग आला, कारण तिच्यापायी माझंही दर्शन बुडणार होतं. पण करते काय? गेले मागोमाग.

एका बाजूला हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, दुसऱ्या बाजूला शहर, आणि समोर नुसता समुद्र. आत्यानं लुगडं घोट्याच्या वर खोचलं आणि पाण्यात उभी राहिली. मग एकाएकी तात्यासाहेबांना शिवी हासडली, चांगली खणखणीत. "जायकवाडीवानी म्हणं! पलीकडचा काठ तरी दिसतो का ह्याला?" मी इतकी हसले की वाळूतच बसले. दुपारी चहावाल्याशी ती मराठीत बोलली, तो तेलुगूत, आणि दोघांचं उत्तम जमलं. पाणबुडीतही गेली. वाकून, गुडघे सांभाळत, एकूणएक खोली बघून आली. दुसऱ्या दिवशी रोपवेच्या पाळण्यात बसून कैलासगिरीच्या टेकडीवर गेलो. पाळणा वर जाताना मी डोळे मिटले होते. ती काचेला नाक लावून बसली होती.

परत आलो तर इंद्रजीतनं घोळ घालून ठेवलेला. भावकीत त्यानं सांगितलं होतं की आई देवदर्शनाला गेली आहे. मग काय, भावकीनंच मावंद्याचा दिवस धरला. रविवारी इंद्रजीतकडं चाळीस माणसं जेवायला आली. आत्याचे धाकटे दीर अप्पाराव नारळ घेऊन पुढं झाले आणि तिच्या पायांवर वाकले. आत्यानं पाय मागं घेतले.

"भावजी, थांबा. मी देवळात पाऊल नाय टाकलं. समुंदर बघाया गेले होते."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. पण खोटं सांग असं मला तिला सुचवताही आलं नसतं.

अप्पाराव ताठ उभे राहिले. "मग हे मावंदं कशाचं, वैनी?"

"बघून आले त्याचं. तुमच्या भावाच्या पाच मावंद्यांचं पुरण मी वाटलं. आज मी पाटावर बसणार. ज्याला पटंल त्यानं बसावं, नाय त्यानं जावं." आणि ती खरंच जाऊन पाटावर बसली. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

अप्पारावांनी नारळ पिशवीत परत टाकला. "ह्या घरचं पाणीबी शिवायचं नाय," म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्या. त्यांच्यामागं सात-आठजण उठले. बायकोला त्यांनी दारातून हाक मारली, "पारू, चल."

पारूबाई आत्याच्या शेजारच्या पाटावर, वाढलेल्या पानापुढं बसल्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांना नवऱ्यापुढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्यांनी पोळीचा तुकडा तुपात बुडवला.

"तुम्ही व्हा म्होरं," त्या म्हणाल्या. "मी जेवून येते."

अप्पाराव एकटेच जिना उतरून गेले. आत्यानं तुपाची वाटी जावेकडं सरकवली. पारूबाईंनी दुसरी पोळी मागितली, तेव्हा वाढायला इंद्रजीत उठला.