औषध न द्यायची नोकरी

आमच्या वहिनी चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात. रोपवाटिकेतलं त्यांचं कामच तसं जिवाला घोर लावणारं. डोंगरावरची जुनी झाडं एका बुरशीने उभ्याउभ्या वाळत चाललीत. त्यांच्या बिया आणून वहिनी रोपं पोटच्या पोरांसारखी वाढवतात आणि ती बाळसं धरू लागली, की खोडाला चीर देऊन तीच बुरशी आत भरतात! त्यातून जे तगेल, त्याच्यापासून पुढचं रान. औषध मात्र कुणालाच द्यायचं नाही.

यंदा सगळा वाफा काळा पडला. एकच रोप हिरवंगार. वहिनींचा घास हातातच राहायचा.

"अहो, पान जरा लोंबल्यासारखं नव्हतं दिसत?"

"पान आहे ते, लोंबणारच," आमचा दादा म्हणायचा. तो निवृत्त, रोज त्यांचा डबा पोचवायला रोपवाटिकेत जायचा.

शेवटी त्या रोपाची कलमं करायचं ठरलं. कौतुकाने मीही गेलो. वहिनी चाकूला धार लावत होत्या, तेवढ्यात दादा खुशीत म्हणाला, "शेवटी माझ्याच हाताला गुण!"

"कसला गुण?"

"आपल्या गुलाबांवर मारतो ना, ते औषध मारत होतो याच्यावर. तू किती तळमळत होतीस!"

चाकू थांबला. "सगळ्यांवर?"

"छे, पुरणार कुठे? फक्त याच्यावर."

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वाफ्याभोवती फिरत राहिल्या.

"भावोजी, आता हे मुळातच दणकट आहे, की तुमच्या भावाने लाडावलेलं, कसं ओळखायचं?"

ओळखायची वाट एकच होती. औषधाचा अंमल उतरू द्यायचा आणि पुन्हा बुरशी भरायची.

"नको गं," दादा काकुळतीला आला. "एक तरी जगू दे."

"आणि याची पोरं डोंगरावर मरायला धाडू?"

अंमल उतरेपर्यंत घरात कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. दादाने एकदा भाजीत मीठ दोनदा घातलं. कुणाला कळलंही नाही. मग एका सकाळी वहिनींनी चाकू घेतला. दादाने पुढे होऊन खोड धरलं, इंजेक्शनसाठी पोराचा दंड धरावा तसं, तोंड फिरवून.

"घट्ट धरा," वहिनी म्हणाल्या, "आणि आता दया आली तर माझ्यावर करा."

चीर पडली. "आई गं!" दादाच कळवळला.