धर्माजीचा एकच ठोसा

धर्माजीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, हे अख्ख्या आळे गावाला माहीत आहे. लपवून काय करू? आम्ही दोघं भिका वस्तादांच्या तालमीत एकाच मातीत वाढलो. वस्तादांचे सगळे डाव मला यायचे, धर्माजीला धड एक येत नव्हता. नुसता अंगानं दांडगा. सत्याऐंशी साली तो फौजेत भरती झाला आणि तिथं कुणीतरी त्याच्या हातांत मोजे चढवून त्याला बॉक्सर केला. पंच्याहत्तर किलोचा गट, मिडलवेट म्हणतात त्याला. मी इथं कांदे काढत राहिलो आणि याचे फोटो पेपरात.

दोन हजार दोनमध्ये गडी पेन्शन घेऊन परत आला. माझी बायको कुशाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "धर्माजीभावजी बघा, या वयात बी पोट सुटलं न्हाई." मी ताटावरून उठलो.

त्यानं आपल्या लढतींची व्हिडिओ कॅसेट आणली होती. व्हीसीआर फक्त चांदमलशेठकडं, म्हणून ती त्यांच्या कापडदुकानात लागली. गाव ओट्यापर्यंत दाटलं. मी डोळ्यांत तेल घालून बसलो. धर्माजी सरळ चालत पुढं जायचा, तोंडावर चार खायचा आणि मग उजवा हात फिरवायचा. समोरचा खाली बसायचा. पुढच्या लढतीत पुन्हा तेच. शेवटच्या लढतीत मात्र एका चपळ पोरानं त्याला नुसता नाचवला आणि गुणांवर हरवलं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"बघा," मी म्हणालो, "येकच ठोसा. डावा हात देवाला सोडलाय. यात कसब कुठाय?"

"गेणूभाऊ, दुकानात एकच माल असला तरी खपला म्हंजे झालं," शेठ म्हणाले.

"आन् गिऱ्हाइकानं दुसरं मागितलं तर? हरला का न्हाई शेवटी?"

कोपऱ्यात चहा पीत बसलेला धर्माजी म्हणाला, "खरंय गेणूचं. मला येकच येतंय."

मला जास्तच राग आला. निदान भांडायचं तरी!

खरी गोष्ट वेगळीच होती. भिका वस्ताद थकले होते आणि जत्रेच्या दिवशी ते तालमीची किल्ली कुणाच्या तरी हाती देणार होते. ज्याच्या हाती किल्ली, तो वस्ताद. इतकी वर्षं तालमीची माती मीच खणत होतो, तेल-ताक घालून मीच मळत होतो. आणि आता गावात कुजबुज, फौजीला द्या. जत्रेत कुणीतरी ओरडलं, दोघांची बॉक्सिंग लावा. मी लगेच हो म्हणालो. कॅसेट पाठ होती. उजव्या हातापासून लांब राहायचं, बस्स.

आखाड्यातच जागा केली. माझ्या हातांत मोजे धर्माजीनं चढवले, नाड्याही त्यानंच बांधल्या. वस्तादांनी शिट्टी मारली. आणि मी काय केलं? लहानपणापासूनची खोड. आखाड्यात उभा राहिलो की हात आपोआप मातीकडं जातो. मी खाली वाकलो आणि माती कपाळाला लावून मान वर करतो, तर त्याचा उजवा हात माझ्या कानापाशी. येऊन थांबलेला. चामड्याचा वास आला इतका जवळ. कॅसेटमध्ये तो हात मी एकदाही थांबलेला पाहिला नव्हता.

मग मी डाव साधला. कमरेला मिठी मारली, टांग लावली, धर्माजी पाठीवर. हलगी कडाडली. बॉक्सिंगमध्ये हे चालत नाही, हे हलगीवाल्याला कोण सांगणार? पाठ लागली म्हणजे कुस्ती झाली. फेटे उडाले, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वस्तादांनी धर्माजीकडं पाहिलं. तो माती झटकत म्हणाला, "वस्ताद, किल्ली गेणूलाच द्या. त्याला समदं येतंय."

नंतर तो माझ्या मोज्यांच्या नाड्या सोडत होता, तेव्हा मी हळूच विचारलं, "हात का थांबवलास?"

"तू मातीला वाकला व्हतास की. मातीला वाकलेल्याला मारायचं कसं? मी बी याच तालमीतला हाय ना, राव."

तेव्हापासून वस्ताद मीच. आल्यागेल्या पाव्हण्याला गाव सांगतं, आमच्या वस्तादानं फौजीला चीत केलं, फौजीला काय, एकच ठोसा यायचा. चांदमलशेठच्या ओट्यावर तर हे मीच सांगतो. पण सकाळी तालमीचं कुलूप काढताना तो हात कानापाशी येऊन थांबतो आणि पोटात दुखायला लागतं. त्याच्या जागी मी असतो, तर मारला असता.