आडव्या दांडीची उंची

सायकलींच्या कंपन्यांची तुलना करण्यात आमच्या शहरातील सुशिक्षित माणसे जेवढी बुद्धी खर्च करतात, तेवढी जावई निवडतानाही करत नाहीत. माप मात्र कोणीच घेत नाही.

मला माप घेणे भाग होते. दिरांची उंच रोड बाईक, म्हणजे शर्यतीची सायकल, चालवताना हर्सूलच्या गतिरोधकापाशी मला अचानक थांबावे लागले. पाय जमिनीला पोचला नाही आणि मी आडवी झाले. पुढे बरेच दिवस उजवा हात गळ्यात अडकवून मी डाव्या हाताने फळ्यावर वर्तुळे काढली. सासूबाईंनी निकाल दिला, "आता अजून एकदा पडलीस, की सायकल भंगारात." घरातील सर्वांनी माना डोलावल्या. म्हणून नवी सायकल घेताना माझी अट साधी होती: दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीवर टेकाव्यात.

सकाळी सायकल चालवणाऱ्या आमच्या गटातील दातांचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, इटालियनच घ्या. त्या फ्रेमला आत्मा असतो."

"आत्म्याचं काय लोणचं घालायचं, डॉक्टर?" गटातील कंत्राटदार म्हणाले. "मॅडम, तुम्ही गिअर जपानी बघा. बाकी सगळं मिथ्या."

हे दोघे सायकलीचे वजन ग्रॅममध्ये सांगतात आणि फुलंब्रीला पोचताच भज्यांची दुसरी प्लेट मागवतात.

जालना रोडवरील दुकानात विक्रेत्याने कंपनीची वंशावळ सांगितली. मी आडव्या दांडीची उंची विचारली.

"मिस्टरांसाठी बघताय का, मॅडम?"

"माझ्यासाठी."

"मग बास्केटवाली दाखवू?"

मी रोड बाईकवरच उभी राहिले. टाचा अधांतरी राहिल्या.

"सीट खाली घेऊ ना."

"सीट खाली येईल. दांडी येईल का?"

"सवय होते, मॅडम."

नववीतील विद्यार्थ्याने असे उत्तर दिले असते, तर मी त्याला आकृती पुन्हा काढायला लावली असती. दुसऱ्या दुकानात तर जाड तळव्याचे बूट घालण्याचा सल्ला मिळाला. सायकलीचा दोष पायाने भरून काढावा, हे शास्त्र माझ्यासाठी नवे होते.

तिसऱ्या दुकानात कोपऱ्यात मेंदीच्या रंगाची, सर्वांत लहान मापाची एक रोड बाईक धूळ खात उभी होती. "ती नका बघू, मॅडम," दुकानदार ओशाळून म्हणाला. "त्या कंपनीला आपल्याकडं कुणी विचारत नाय." मी उभी राहिले. टाचा टेकल्या. सीटवर बसून हँडल धरले, तर कोपरही सहज वाकले. मी ती घेतली, तेव्हा दुकानदाराच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी निखळ करुणा होती.

दुसऱ्या दिवशी फ्रेमवरील नाव वाचताना डॉक्टरांचा चेहरा किडलेली दाढ पाहिल्यासारखा झाला. "चांगली आहे," ते म्हणाले, "सुरुवातीला." मी गेली सहा वर्षे सायकल चालवते.

त्याच सकाळी फुलंब्रीच्या रस्त्यावर एक रिक्षा मला ओलांडून पुढे आली आणि प्रवासी दिसताच जागच्या जागी थांबली. मी ब्रेक दाबले, सीटवरून पुढे सरकले आणि दोन्ही पायांवर उभी राहिले.

रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "देख के चलाव ना, मॅडम."

चूक सर्वस्वी त्याची होती आणि माणसांना चूक समजावून सांगणे हा माझा व्यवसाय आहे. तरी मी त्याला जाऊ दिले; मी खाली बघत होते, दोन्ही टाचा डांबरावर टेकल्या होत्या.