सुनंदा वाचून दाखवायची

मी सुनंदावर जळत होते.
आज दुपारी तिला पोहोचवून आले, तरी जळतेच आहे.

नागपुरात सदरला एकाच सिनियरकडे आम्ही दोघी ज्युनियर वकील. माझ्या घरी वकिलीची तिसरी पिढी, भिंतभर कायद्याची पुस्तकं. तिचे बाबा इतवारीत हातगाडी ओढायचे.

आणि अशील दारातून विचारायचे, "सुनंदा आहे का?"
मी समोरच बसलेली असायचे हो.

तिची एक खोड होती. इंग्रजीतलं शपथपत्र टाइप झालं की सहीआधी ते सगळं अशिलाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायची. मग विचारायची, "हे तुमचंच हाये ना?"
तो हो म्हणाला तरच सही.

एकेकाला तासभर जायचा. झाली आकाशवाणी सुरू, असं मी चिडवायचे.

मग देवकाबाई आली. रामटेककडच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवायची. तिच्या जातीच्या हातचं आपल्या पोरांनी खायचं नाही, असं गावातल्या काही लोकांनी ठरवलं. शाळेने तिला काढून टाकलं.

केस मला मिळाली. मी जाम खूश. सुनंदाला दाखवूनच द्यायचं होतं.

पिटिशन अशी लिहिली की वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत. त्यात एक वाक्य टाकलं, मुलांनीसुद्धा तिच्या हातचं खायला नकार दिला.
देवकाबाई असं बोललीच नव्हती. मला वाटलं, असंच झालं असणार. घाईघाईत सही घेतली.

शाळेच्या वकिलाने नेमकं तेच उचललं. बाई स्वतःच सांगते की पोरं जेवत नव्हती, मग शाळेने दुसरं काय करायचं?
सिनियरने फाइल सुनंदाकडे दिली.

सुनंदाने देवकाबाईला शेजारी बसवून माझी पिटिशन पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली. त्या वाक्याला देवकाबाईने तिला थांबवलं.

"पोरं तं जेवत होते वं सुनंदा. मागून मागून खात होते. मोठ्यायनं उठवलं त्यायले, हात धरून."

दुरुस्तीचं शपथपत्र सुनंदाने केलं. कोर्टात उभीही तीच राहिली. आधीची चूक कोणाची, असं न्यायमूर्तींनी विचारलं तेव्हा म्हणाली, आमच्या ऑफिसची.

माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

देवकाबाई केस जिंकून शाळेत परत गेली. त्यानंतर नागपूरला आली की सुनंदासाठी डब्यात काहीतरी असायचंच.
मला फक्त, "नमस्कार मॅडम."

एका डब्यासाठी माणूस किती जळू शकतो, ते मला विचारा.

आज देवकाबाई घाटावर आली होती. तिच्या एसटीला वेळ आहे, म्हणून आत्ता माझ्याकडे बसली आहे. ही पोस्ट टाकण्याआधी तिला सगळी वाचून दाखवली. मी पहिल्यांदाच कुणाला तरी असं वाचून दाखवलं.
विचारलं, बरोबर आहे ना?

"जळत होती लिहिलं, ते बरोबर हाये. पण घाटापासून रडून राहिली तू, ते काहून नाही लिहिलं वं?"

लिहिलं, देवकाबाई.

जय भीम, सुनंदा. शेवटचा.