तीन वाजता येणारं चित्र

नव्वदच्या दशकात मी कोल्हारात केबलच्या वायरी ओढायचो. केबल नवी होती, म्हणून लोकांना तक्रारींची भारी हौस. चित्राला मुंग्या आल्या, माणसं हिरवी दिसतात, बायकोची मालिका लागत नाही. निम्म्या वेळा टीव्हीमागची पिन कुणीतरी झाडलोट करताना ढिली केलेली असायची. मी आधीच तापट, त्यात उन्हातान्हाच्या गच्च्या. पिन घट्ट करताना दोन शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

त्यामुळे एक काका येऊन म्हणाले, रोज दुपारी तीनला आमच्या टीव्हीत कुणीतरी येतं, तेव्हा मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा वर्षापूर्वी नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मोटरसायकल धडकून गेला होता. काकू आता त्या टीव्हीशी बोलायला लागल्या आहेत, काहीही कर पण आज चित्र स्वच्छ करून दे, असं काकांनी दोनदा सांगितलं. मी मान खाली घालून त्यांच्यामागं निघालो.

काकू टीव्हीसमोर बसून होत्या. कसलीशी मालिका चालू होती, चित्र चांगलं होतं, आणि आपली फुकट चक्कर झाली म्हणून माझं डोकं फिरायला लागलं होतं. तीन वाजले. मालिकेतल्या बाईच्या तोंडावर आडव्या रेघा पसरल्या आणि त्या तोंडाच्या आतून एक माणूस वर आला. रंग नाही, आवाज नाही. हात वर करून तो नाचत होता.

"बग, आला," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

तो त्यांचाच मुलगा होता. गावात त्याला कोण ओळखत नव्हतं? दोन मिनिटं तो नाचत आमच्याकडं आला, थांबला आणि तसाच भराभर मागं मागं गेला, पाठमोरा न होता. मग परत नाचत पुढं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला सांगू, वायर बघतो म्हणून मी जो पळालो तो थेट गच्चीवर जाऊन थांबलो.

वर गेल्यावर माझीच करणी सापडली. मागच्या दिवाळीत एका वायरीच्या दोन करणारे स्प्लिटर संपले होते, म्हणून मी या घराची आणि शेजारच्या घराची वायर एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. उद्या बदलू म्हणालो आणि विसरलो. शेजारी कुणी व्हीसीआरवर कॅसेट लावली की तिचं चित्र त्या जोडातून उलट्या वाटेनं इकडं सरकत होतं. भूत नव्हतं, माझा आळस होता. मला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. रोज तीनला, तेवढीच दोन मिनिटं, कॅसेट मागं घेऊन घेऊन कोण बघत होतं?

गच्चीच्या कडेवरून बोळापलीकडची खिडकी दिसायची. शेजारचा मुलगा टीव्हीला चिकटून एकटा बसला होता, बोट व्हीसीआरच्या बटणावर. कॅसेट त्याच्याच लग्नाची होती आणि वरातीत नाचणारा काकूंचा मुलगा त्याचा जिवलग दोस्त. अपघाताच्या दिवशी गाडीवर मागं हा शेजारचाच बसला होता. तो वाचला. तेव्हापासून काकूंच्या घराची पायरी तो चढला नव्हता. काय तोंड दाखवू, म्हणायचा.

मी खाली येऊन दोघांना सगळं सांगितलं. वाटलं तर जोड तसाच ठेवतो, असंही काकूंना म्हणालो. काकांचे डोळे भरले. "मला न्हाई बगवत रे. रोज त्यो मागं मागं जातो."

काकूंनी पदर नीट केला. बोळापलीकडच्या घराकडं बघितलं.

"एकलाच बसतो का त्यो तितं?"

मी हो म्हणालो.

"तोड मग."

मी वर गेलो, टेप सोडवली, वायरी वेगळ्या केल्या. त्यांचं पोर एकदा गेलंच होतं, आता मीच त्याला दुसऱ्यांदा घरातून काढत होतो. स्प्लिटर बसवला. खालून काका ओरडले, चित्र साफ झालं. मी बोळात बघितलं तर काकू अनवाणी पलीकडं गेल्या होत्या आणि शेजारचं दार वाजवत होत्या. आतली कॅसेट थांबली. दार उघडायला फार वेळ लागला. त्यांना बघून तो पोरगा उंबऱ्यातच मटकन खाली बसला.

"सरक जरा," काकू म्हणाल्या, "मला बी बसू दी."

मी जिना उतरलो तेव्हा काकांनी आपला टीव्ही बंद केला होता आणि ते चपला शोधत होते.