अडणारी हवी

हेमाताईंच्या लेखी जगातल्या प्रत्येक वस्तूला मुदत होती. ऑफिसच्या फ्रिजमधल्या दह्यावर त्या मार्करने तारीख टाकत, भिंतीवरच्या पंख्यावर टाकत. स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवरही एक टाकलेली होती. एकदा त्यांनी आमच्या इंजिनियरच्या, पंकजच्या, चपलेवर तारीख लिहिली. चप्पल एक दिवस आधीच तुटली. तेव्हापासून पंकज पाय टेबलाखाली दडवून बसायचा.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. रक्त तपासणाऱ्या छोट्या लॅबना आम्ही वेबसाइट चालवून देतो. पेशंट मोबाइलवर आपला रिपोर्ट बघतात. मी किनवटकडची, आठवीत शाळा सोडलेली. लॅबवाल्यांच्या तक्रारींचे फोन घ्यायला मला ठेवलं होतं. आज ना उद्या कुणीतरी माझा दाखला मागेल आणि मला परतीच्या गाडीत बसवेल, असं रोज वाटायचं.

हेमाताई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. भावाची होडी, आईची मासळी, आणि त्या घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरवाल्या ह्या. डब्यात सुके बोंबील असले की पंकज खिडकी उघडायचा. त्या उठून बंद करायच्या आणि म्हणायच्या, "वास बाहेर वाया जातो रे."

सर्व्हर त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी उभा केलेला. त्याला त्या 'म्हातारा' म्हणत. सकाळी आल्या आल्या आधी त्याची चौकशी, मग आमची. त्याच्यावरच्या सॉफ्टवेअरची मुदत संपत असल्याचं ते बनवणाऱ्या कंपनीकडून कळलं, तेव्हा मी भीत भीत विचारलं, चालतंय ते संपलं कसं?

"होडी तरंगतेय गो," त्या म्हणाल्या. "पण फटी बुजवणारा सुतार गाव सोडून चाललाय. उद्या फट पडली तर पाणी आत. आणि आत लोकांचे रिपोर्ट बसलेत."

म्हणून नवा सर्व्हर भाड्याने घेतला आणि सगळं तिकडे हलवायचं ठरलं. हेमाताईंनी लांबट वहीत पेन्सिलीने एकेक पायरी लिहून काढली. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ: 'अडलं तर हेमाताईला विचारा.' इथवर ठीक होतं. मग त्यांनी जाहीर केलं की वही वाचून हात चालवणार ती सविता, म्हणजे मी.

पंकज हसला. मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, ताई, पंकजला सांगा ना, त्याला सगळं येतं.

"म्हणूनच तो नको. वहीत चूक असली तर तो मनातल्या मनात सुधारून पुढे पळेल. तू अडशील. मला अडणारी हवी."

त्यांची ही अपेक्षा मी मनापासून पूर्ण केली. पहिल्या तालमीत एकोणीस वेळा अडले. दर वेळी त्या पेन्सिलीला टोक काढायच्या, ओळ खोडून सोप्या शब्दांत लिहायच्या, आणि अडल्याबद्दल मला शाबासकी द्यायच्या. त्या शाबासकीनेच जास्त घाम फुटायचा. दुसऱ्या तालमीत तीनदाच अडले. जुने रिपोर्ट नव्या सर्व्हरवर उघडून कागदाशी ताडले, अक्षर न् अक्षर जुळलं.

खरी बदली रविवारी दुपारी, लॅब बंद झाल्यावर. पाचला साइट पुन्हा उघडायची, असं साहेबांनी सगळ्या लॅबना कळवलेलं. माझ्या हातून गडबड झाली तर सोमवारी सकाळी पेशंटांना रिपोर्ट मिळणार नव्हते आणि मला बहुतेक किनवटची गाडी. तालमींनंतर वाढवलेल्या शेवटच्या पायरीला खोटा पेशंट नोंदवायचा होता. वहीत त्याचं नाव 'बोंबील कोळी' असं लिहिलेलं. नोंदवला, रिपोर्ट उघडला. पंकज म्हणाला, "झालं, झकास. चल, उघडून टाकू साइट."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पुन्हा स्क्रीनकडे. त्याला येतं, मला येत नाही, गप्प बसावं असं वाटलं. पण उद्याचा फोन मलाच यायचा होता. जेवणानंतरच्या साखरेच्या रिपोर्टवर सकाळची वेळ कशी, असं कुणीतरी मलाच खडसावणार होतं.

"ताई, आता अडीच वाजलेत. बोंबीलचं रक्त सकाळी नऊला घेतल्याचं दिसतंय."

हेमाताईंनी चष्मा काढून पुसला. नव्या सर्व्हरचं घड्याळ जगाच्या वेळेवर होतं, आपल्या साडेपाच तास मागे. जुन्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी भारताच्या वेळेवर लावलं आणि वहीत ते लिहायचं राहून गेलं. तालमीत नवीन नोंद कुणी केलीच नव्हती.

"पंधरा वर्षं हे माझ्या डोक्यात होतं," त्या म्हणाल्या. "आणि डोकं तर मी घरी घेऊन जाणार."

पंकजने घड्याळ दुरुस्त केलं. सगळं पुन्हा तपासून पावणेपाचला साइट उघडली. हेमाताईंनी वहीत पायरी वाढवली आणि समासात लिहिलं, 'इथे सविता अडली.' आतापर्यंत मला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र.

डिसेंबरात त्या निवृत्त झाल्या. खुर्चीवरच्या तारखेलाच. आम्ही इतके दिवस समजत होतो, ती मुदत खुर्चीची आहे. शेवटच्या दिवशी डब्यात बोंबील होते. पंकजने खिडकी स्वतःहून बंद केली आणि दोन मागून खाल्ले. त्या मात्र दुपारभर रबर घेऊन वहीत काहीतरी खोडत बसल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात नवीन इंजिनियर आला. शिकलेला, चांगल्या कॉलेजचा. वही चाळता चाळता थांबला, दोन पानं मागे गेला, मग मान वर करून त्याने विचारलं, "ही सविता कोण? प्रत्येक पानाच्या खाली लिहिलंय, अडलं तर हिला विचारा."

मी पेन्सिल घेतली आणि त्याच्या टेबलापाशी गेले.