राजीनाम्यातला शब्द

मेहकरच्या तहसील कचेरीसमोर एक बाई पत्र्याच्या टपरीत लोकांचे अर्ज टाइप करून देते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मजकूर आधी पूर्ण वाचायचा आणि मगच पदर खोचून कामाला बसायचं, ही तिची रीत.

चार वर्षांपूर्वी मी तिच्याकडे माझा इंग्रजीतला राजीनामा घेऊन गेलो. मी एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. शाळा चालवणाऱ्या संस्थेला माझ्या जागी दुसरा माणूस हवा होता. "घरगुती कारणानं सोडतो असं लिहून आणा," असा निरोप आला होता.

बाईनं 'रिझाइन' या शब्दावर बोट ठेवलं.

"सर, तुमी सोडून राह्यले, का तुमाले काढून राह्यले?"

"काढताहेत."

"मंग हा शब्द तुमचा नाही. रिझाइन म्हंजे आपल्या मनानं सोडनं. त्याइले काढाचं असन तं त्याइनं कारन लिहावं, खाली सही करावी. मी अंगनवाडीत होती तवा असाच कागद लिहून देल्ला. मंग साहेब म्हने, बाई, तुमीच तं सोडली!"

तिनं कागद परत दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी इंग्रजीत एम.ए. आहे. हा शब्द मी कितीदा तरी फळ्यावर अर्थासकट लिहिला होता. तरी टपरीबाहेर येऊन मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

राजीनामा मी दिला नाही. कारण लिहून द्यायला संस्थाही धजली नाही. मी अजून तिथंच शिकवतो.

परवा गेलो, तर ती एका म्हाताऱ्याचा अर्ज वाचत होती. तिचं वाचून होईपर्यंत मी बाहेरच थांबलो, तासाला उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखा.